फुग्याला गाठ न मारता: पुन्हा पुन्हा वापरता येणारी क्लिप कशी घडवायची

माझी धाकटी बहीण कोल्हापुरात राजारामपुरीत डेकोरेशनची कामं घेते. बारसं, डोहाळजेवण, पहिला वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग. एका मध्यम कमानीला तीनेकशे फुगे सहज लागतात, आणि प्रत्येकाला बोटाभोवती मान गुंडाळून गाठ. लग्नसराईत तिच्या उजव्या तर्जनीची साल निघालेली असते. एकदा ती म्हणाली, "दादा, एवढे उद्यमनगरात हिंडतोयस, मला या गाठीतनं सोडवणारं कायतरी बनवून दे की." (उद्यमनगर म्हणजे इथली छोट्या कारखान्यांची वसाहत.) मला वाटलं, चिमट्याचा धाकटा भाऊ बनवायचा, एका रविवारचं काम. त्याला आठ महिने लागले. ते आठ महिने कुठे गेले, ते खाली क्रमाने लिहितो, म्हणजे तुमचे दोन-तीन महिने तरी वाचतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेटेक्सचा फुगा क्लिप लावली म्हणून कायमचा टिकत नाही. एकदा पूर्ण ताणलेलं रबर थोडं ढिलं पडतं, उजेडात त्यावर धुरकट थर चढतो, आणि दोन-तीन वेळा फुगवून सोडला की फुगा दमतो. पुन्हा वापरायची असते ती क्लिप. फुगा पुन्हा वापरता आला तर तो वरचा फायदा. खरा फायदा असा की कमान लावल्यावर एखादा फुगा मोठा वाटला तर हवा सोडून लहान करता येतो. गाठ मारलेल्या फुग्याला टाचणीशिवाय उपाय नाही.

आधी शत्रू ओळखा

माझी पहिली चूक म्हणजे हवेच्या दाबाला घाबरणं. फुगा फुटताना एवढा आवाज होतो, तर आत केवढा दाब असेल, असं वाटतं. तो मोजायला गवंड्याची लेव्हल पाईप पुरते. मीटर-दीड मीटर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी भिंतीला लावा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा आणि एका टोकाला फुगवलेल्या फुग्याची मान ताणून बसवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे फुग्याचा दाब. नेहमीच्या १२ इंची फुग्याला तो साधारण २० ते ३० सेंटिमीटर येतो, म्हणजे दोन ते तीन किलोपास्कल. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त दाब पहिल्या फुंकरीला लागतो. फुगा मोठा होत गेला की तो उतरतो आणि फुटायच्या आधी पुन्हा चढतो. फुगा सुरू करतानाच गाल का दुखतात, ते यात आलं.

आता हिशोब. मान चपटी करून रुंदी मोजली तर २० मिमीच्या आसपास भरते, म्हणजे परीघ ४० मिमी, व्यास पावणेतेरा मिमी आणि तोंडाचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटर. अडीच किलोपास्कल दाबाने या तोंडावर बसणारा जोर फक्त ३० ग्रॅमच्या आसपास. मूठभर शेंगदाण्यांचं वजन! एवढ्याला अडवायला जबरदस्त स्प्रिंग कशाला?

तरीही माझ्या पहिल्या सहा क्लिपांतून हवा गेली. कारण शत्रू दुसराच होता. कागदाची सुरळी करून ती बोटांनी चपटी करा आणि टोकाकडून बघा. मधला भाग मिटतो, पण दोन्ही कडांना, जिथे कागद वळतो तिथे, बारीक फट उरते. सुईचं नेढं असतं ना, तसं. फुग्याच्या मानेतही तेच होतं. पाव मिमी जाडीचं रबर स्वतःवर पूर्ण दुमडत नाही, दोन्ही कडांना नेढं ठेवतं. हवा बाहेर पडते ती तिथून. अशा बारीक वाटेतून जाणारी हवा वाटेच्या रुंदीच्या चौथ्या घाताने बदलते. नेढं निम्मं केलं तर गळती सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे आपलं सगळं डिझाइन हे नेढं चिरडण्याचं डिझाइन आहे. बाकीचं म्हणाल तर क्लिप लावणाऱ्याच्या बोटांची सोय.

गाठ एवढी चांगली का बसते, तेही इथे कळतं. गाठीत ताणलेलं रबर स्वतःलाच सगळीकडून आवळतं, नेढ्याला पळायला जागा राहत नाही. क्लिप फक्त दोन बाजूंनी दाबते. ही तिची उणीव कशाने तरी भरून काढावी लागते.

जाता जाता एक जुनी गोष्ट. मायकेल फॅराडेने १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी रबराचे फुगे केले, तेव्हा त्याने रबराचे दोन पत्रे एकावर एक ठेवून कडा नुसत्या दाबल्या. कच्चं रबर चिकट असल्याने त्या आपोआप जुळल्या. मधला भाग चिकटू नये म्हणून त्याला आत पीठ घालावं लागलं. आजचं व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे गंधक घालून तापवलेलं, रबर असं चिकटत नाही, म्हणून आपल्या नशिबी गाठ.

चार वाटा, आणि मी कोणती धरली

पहिली वाट खाचेच्या चकतीची. प्लॅस्टिकची गोल चकती, कडेला अरुंद होत जाणारी खाच. मान ताणायची, खाचेत ओढायची, एक-दोन वेढे द्यायचे. ताणलेलं रबर बारीक होऊन आत शिरतं आणि सोडल्यावर फुगून अडकतं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच चकत्या याच जातीच्या. डाय (प्लॅस्टिक ओतायचा साचा) सोपी, हलणारा भाग नाही. पण खाचेत रबराची मोळी होते, मोळीत दहा घड्या आणि प्रत्येक घडीला नेढं. दोन वेढे दिले तर दिवसभर टिकते, एका वेढ्यावर संध्याकाळपर्यंत फुग्याच्या अंगाला सुरकुत्या.

दुसरी वाट बुचाची. मानेत निमुळतं बूच घालायचं, वरून कडी. मान बुचावर ताणली गेल्यामुळे घडीच पडत नाही, नेढ्याचा प्रश्नच मिटतो. तत्त्व म्हणून हेच सर्वांत उत्तम. पण तीनशे फुग्यांच्या तोंडात तीनशे बुचं बसवून बघा, गाठ बरी वाटायला लागेल.

तिसरी वाट बुचातच झडप बसवण्याची. खर्च आणि वजन दोन्ही वाढतं. एखाद्या मोठ्या फुग्याला ठीक आहे.

चौथी वाट बिजागरीच्या क्लिपेची. पिठाच्या पिशवीला लावतो तशी, दोन जबडे आणि टोकाला अटक, म्हणजे आकडा असलेली लवचीक दांडी. मी हीच धरली. एका हाताने लावता येते, फुगा न दुखवता उघडते आणि डायमधून एकाच शॉटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या एकाच भरणीत, निघते. पुढचं सगळं हिच्याबद्दल.

मापं: इथे घाई करू नका

आधी फुगे मोजा. महाद्वार रोडवरून तीन वेगळ्या दुकानांतून तीन वेगळी पाकिटं आणा, कारण एकाच कंपनीचे फुगे धरून केलेली क्लिप दुसऱ्या कंपनीच्या फुग्यावर दगा देते. मानेची चपटी रुंदी व्हर्नियरने मोजा. जाडी मोजताना मान दुमडून आठ थर करा, मायक्रोमीटरने हलकं धरून माप घ्या आणि आठने भागा. एका थराचं माप घ्यायला गेलात तर रबर दबतं आणि आकडा खोटा येतो. माझ्या फुग्यांत रुंदी २२ मिमीपर्यंत आणि जाडी पाव मिमीच्या आसपास निघाली.

आता क्लिपेची उणीव भरून काढणारी युक्ती. क्लिप लावण्याआधी मान लांबीच्या दिशेने दुप्पट ताणायची. रबराचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि जाडी दोन्ही सुमारे ०.७ पटीवर येतात. २२ मिमीची मान साडेपंधरा होते, पाव मिमीचा थर ०.१८ होतो. या अवस्थेत जबडे मिटले आणि मग मान सोडली, तर जबड्याबाहेरचं रबर दोन्हीकडे पुन्हा जाड होतं आणि क्लिपेला दोन्ही अंगांनी टेकतं. क्लिप सरकत नाही ती यामुळे, दातांमुळे नव्हे. काही जण जबड्याला करवतीसारखे दाते करतात. करू नका. दात्यांच्या मधल्या दरीतून हवा जाते आणि टोकावर रबर फाटतं.

दोन थर मिळून ०.३६ मिमी. जबडे पूर्ण मिटल्यावर त्यांच्यात ०.२ मिमी फट राहील असं माप ठेवा, म्हणजे रबर निम्म्याच्या जवळ दबेल आणि कडांची नेढी चिरडली जातील. वेगळं गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) लागत नाही, फुग्याची मानच गॅस्केट होते.

सपाट जबड्यापेक्षा एका जबड्यावर जीभ आणि दुसऱ्यात चर ठेवा. चराची रुंदी २ मिमी, जिभेची १.२ मिमी, जिभेचं टोक पूर्ण गोल. दोन्ही बाजूंना ०.४ मिमी जागा सुटते, तिथे रबर जवळजवळ मोकळं बसतं. दाब फक्त जिभेच्या टोकाशी. मिस्त्रीलोकांना बाजूच्या फटीही टाईट करायचा मोह होतो, तो आवरा. बाजू टाईट झाल्या की क्लिप कात्री होते. रबराला जिथे कड लागेल तिथे किमान अर्धा मिमी त्रिज्येची गोलाई हवी.

मग जबड्याचं वाकणं. क्लिपेला आधार दोन टोकांना असतो, बिजागरी आणि अटक. मान बसते मधोमध, जिथे जबडा सर्वांत जास्त वाकतो. टोकाला घट्ट, मध्ये ढिली, अशी क्लिप म्हणजे हमखास गळती. माझे दोन महिने इथे गेले. इलाज दोन. जबड्याची जाडी वाढवा, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. २ मिमीचे अडीच केले की ताठपणा जवळपास दुप्पट. किंवा जबड्याला आतल्या बाजूला थोडं पोट द्या, ०.३ मिमीच पुरे, म्हणजे मिटताना मध्य आधी टेकेल. मी दोन्ही थोडं थोडं केलं.

अटकेचा हिशोब सोपा आहे आणि कागदावर करावाच. अटकेच्या दांडीवर येणारा ताण म्हणजे दीड गुणिले दांडीची जाडी गुणिले आकड्याची खोली, भागिले लांबीचा वर्ग. दांडी १.५ मिमी जाड, आकडा १ मिमी खोल, लांबी ६ मिमी असेल तर उत्तर येतं सव्वासहा टक्के. वारंवार उघडमीट करायच्या क्लिपेला हे फार झालं. लांबी १२ मिमी केली की तेच उत्तर दीड टक्क्याच्या आसपास येतं. दांडी दुप्पट, ताण चौथाई. अटक तुटते म्हणून जाड करत जाणं हा उलटा उपाय, कारण जाडी वाढली की ताणही वाढतो. लांब करा.

उघडायला अंगठ्याला जागा ठेवा, अटकेच्या पुढे ६-७ मिमीची जीभ बाहेर काढा. बहिणीने माझी चौथी क्लिप हातात घेतली आणि म्हणाली, "नखं वाढवू का आता यासाठी?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं.

पहिले नमुने: चिमटा, आइस्क्रीमची काडी, मग प्रिंट

संगणकाला हात लावण्याआधी दोन आइस्क्रीमच्या काड्या घ्या, एकीवर सायकलच्या स्पोकचा तुकडा चिकटवा आणि मध्ये मान धरून दोन्ही टोकं रबरबँडने आवळा. वीस मिनिटांत कळतं की सपाट काडीपेक्षा स्पोकवाली किती जास्त धरते. हा नमुना मी अजून ठेवलाय. लोकांना जीभ आणि चराचं महत्त्व सांगायला चित्रापेक्षा तो बरा.

मग थ्रीडी प्रिंट. यात एक बारकावा आहे. प्रिंटच्या रेघा म्हणजे सूक्ष्म पन्हळी. हवा जबड्याच्या रुंदीतून आरपार जाते. रेघाही त्याच दिशेने गेल्या तर तुम्ही हवेला पाट काढून दिलेत. रेघा जबड्याच्या लांबीच्या दिशेने जातील अशीच क्लिप प्रिंटच्या पाटावर ठेवा. दाब बसतो तो भाग बारीक पॉलिश पेपरने हलका घासला तर आणखी बरं.

पीएलएत (प्रिंटच्या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये) केलेली पातळ बिजागरी पाच-सहा उघडमिटीत मोडते. नमुन्यापुरती खिळीची बिजागरी करा. १.७५ मिमीच्या फिलामेंटचाच (प्रिंटरच्या प्लॅस्टिकच्या तारेचाच) तुकडा खिळी म्हणून चालतो, भोक १.९ ठेवा. अटकही पीएलएत जास्त दिवस टिकणार नाही. नमुना मोडला म्हणून डिझाइन वाईट, असा निष्कर्ष काढू नका. इथे फक्त फट आणि गळती तपासायची आहे.

गळतीची परीक्षा

फुगवलेल्या फुग्याची मान क्लिपेसकट बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि क्लिपपाशी बघा. बुडबुड्यांची माळ दिसली तर नेढं जागं आहे. माळ जवळजवळ नेहमी मानेच्या कडेपाशीच दिसते, मध्ये नाही. मध्ये दिसली तर जबडा वाकतोय असं समजा.

बुडबुडे न दिसणं पुरेसं नाही. शिंप्याच्या टेपने फुग्याचा सर्वांत मोठा घेर मोजा, फुग्यावरच स्केचपेनने खूण करा म्हणजे पुढच्या वेळी टेप तिथेच बसेल. सहा तासांनी आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजा. आकारमान घेराच्या घनाने बदलतं, म्हणून घेर ३ टक्के उतरला तर हवा ९ टक्के गेली असं धरा. शेजारी गाठ मारलेला तसाच फुगा टांगायला विसरू नका. आपल्याकडे जानेवारीत पहाटे आणि दुपारी तापमानात चांगलाच फरक असतो. दहा अंशांच्या फरकाने फुग्याचं आकारमान तीन टक्क्यांनी, म्हणजे घेर एक टक्क्याने बदलतो. गाठवाला फुगाही तेवढाच उतरला असेल तर दोष क्लिपेचा नाही, थंडीचा आहे. मी हा सोबती फुगा ठेवला नव्हता तेव्हा आठवडाभर चांगली क्लिप घासत बसलो होतो.

आणखी तीन परीक्षा घ्या. टीव्ही बघता बघता क्लिप दोनशे वेळा उघडमीट करा आणि मग पुन्हा गळती मोजा. क्लिप फुग्यासकट एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दुपारभर ठेवा. आणि क्लिप मिटलेली आठवडाभर ठेवून मग नवीन फुग्याला लावा. ही शेवटची परीक्षा बहुतेक जण विसरतात. सतत ताणात राहिलेलं प्लॅस्टिक हळूहळू सैलावतं. म्हणूनच वापरणाऱ्याला सांगायचं की क्लिपा डब्यात ठेवताना उघड्या ठेवा.

मानेच्या आत पावडर असते, ती बोटाने पुसून मगच क्लिप लावा. क्लिप सुरळीत बसावी म्हणून तेल, ग्रीस काही लावू नका. तेलाने लेटेक्स फुगतं आणि कुजतं.

हवेत तरंगणारे फुगे

हीलियमच्या फुग्याला वजनाचा हिशोब लागतो. एक लीटर हीलियम साधारण एक ग्रॅम उचलतो. २८ सेंटिमीटर व्यासाच्या फुग्यात साडेअकरा लीटर मावतो, त्यातून फुग्याचं स्वतःचं तीनेक ग्रॅम वजा जाता हातात आठ-नऊ ग्रॅम उरतात. माझी प्रिंट केलेली क्लिप दोन ग्रॅमच्या पुढे होती, म्हणजे चौथाई उचल तिनेच खाल्ली. पॉलिप्रॉपिलीनमधली ती सव्वा ग्रॅमच्या आत आली. शिवाय हीलियम रबराच्या अंगातूनच झिरपतो, साधा १२ इंची फुगा दिवसभरात बसतो. त्याचं खापर क्लिपेवर फोडू नका.

चमकणाऱ्या फॉइलच्या फुग्यांना आत स्वतःची झडप असते, त्यांना क्लिप लागत नाही. आणि जत्रेत स्वस्तात भरून मिळणाऱ्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो. एका ठिणगीने भडका उडतो. घरात, मेणबत्तीच्या केकशेजारी तर तो आणूच नये.

उद्यमनगरात डाय करताना

नमुना पक्का झाला की कोल्हापुरात असण्याचा फायदा कळतो. शिवाजी उद्यमनगरात सकाळी गल्लीच्या एका टोकाला वायरकट (तारेने धातू कापणारं मशीन), दुसऱ्या टोकाला पॉलिश, मध्ये चहा. थोड्या संख्येला हातमशीनवरची ॲल्युमिनियमची एक-दोन कॅव्हिटीची (क्लिपेच्या आकाराच्या पोकळीची) डाय पुरते. हजारोंत जायचं असेल तर स्टीलची, चार किंवा आठ कॅव्हिटीची डाय आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतलं इंजेक्शन मशीन. समजा डायला ४०,००० रुपये लागले. ५,००० क्लिपा काढल्या तर प्रत्येकीवर ८ रुपये डायचेच बसतात, ५०,००० काढल्या तर ८० पैसे. आधी किती विकणार याचा प्रामाणिक आकडा काढा, मग कॅव्हिटी ठरवा.

दाणा (कच्चं प्लॅस्टिक) पॉलिप्रॉपिलीनचाच घ्या. पातळ बिजागरीसाठी त्याला तोड नाही. बिजागरीची जाडी ०.२५ ते ०.४ मिमी ठेवा आणि गेट (प्लॅस्टिक आत शिरायचं तोंड) अशा जागी द्या की वितळलेला दाणा एका जबड्यातून बिजागरी ओलांडून दुसऱ्या जबड्यात जाईल. दोन्हीकडून गेट दिले तर प्रवाह नेमका बिजागरीवर भेटतो, तिथे सांधा पडतो आणि क्लिप तिथेच मोडते. क्लिप डायमधून गरम निघाली की लगेच तिची बिजागरी दोन-तीनदा पूर्ण वाकवून घ्या. या वाकवण्याने प्लॅस्टिकचे लांब रेणू एका दिशेने लागतात आणि तीच बिजागरी हजारो वेळा चालते. हे काम शॉट मारणाऱ्यालाच सांगून ठेवा, गार झाल्यावर तेवढा उपयोग नाही.

पॉलिप्रॉपिलीन गार होताना दीड-दोन टक्के आकसतं. ६० मिमीच्या क्लिपेत ते एक मिमी होतं. जीभ आणि चर सारखेच आकसले तर ठीक, पण जाड-पातळ भाग वेगळे आकसतात आणि क्लिप केळ्यासारखी वळते. म्हणून सगळीकडे जाडी जवळपास सारखी ठेवा. मिस्त्रींना सांगा की ०.२ मिमीची फट पहिल्यांदा मुद्दाम ०.३ ठेवा. जिभेसाठी डायमध्ये खोबण असते. ती आणखी खोल कोरली की जीभ उंच होते. कमी खोल करायची तर वेल्डिंग.

मला नडलेली गोष्ट वेगळीच. पहिल्या खेपेत डायची जोडरेषा (दोन अर्धे मिळतात ती रेघ) बरोबर जबड्याच्या कडेवर आली होती. नजरेला न दिसणारा फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेली प्लॅस्टिकची पातळ धार), पण फुगे लावल्यावर पाच-दहा मिनिटांत एकेक करून फुटायला लागले. मिस्त्री म्हणाले, "मालक, कड कुठं हाय यात?" मी फुग्याचा तुकडा जबड्यावरून ओढून दाखवला, चिरला. जोडरेषा रबराला लागणाऱ्या जागेपासून लांब हवी, गेटची कापलेली खूणही. दोन्ही गोष्टी ड्रॉइंगवर लाल शाईने लिहून द्या. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर विरघळतं.

मुलांचा विचार

क्लिप लहान केली की स्वस्त पडते आणि लहान मुलाच्या तोंडात जाते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी मानकात एक तपासणीची नळी आहे, ३१.७ मिमी व्यासाची, तळ तिरका, खोली २५.४ ते ५७.१ मिमी. वस्तू या नळीत पूर्ण मावली तर ती धोक्याची. इथे फसगत अशी होते की लोक व्यास बघून ४० मिमीची अरुंद क्लिप करतात आणि ती नळीत उभी राहून पूर्ण मावते. अरुंद क्लिप ६० मिमीची तरी हवी. माझी ६० मिमीच आहे, आणि जास्तीची लांबी अंगठ्याला उपयोगी पडली. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मुलांचं खेळणं म्हणून विकणार असाल तर त्या वाटेने जावं लागेल, डेकोरेशनचं साहित्य म्हणून विकलंत तरी पाकिटावर इशारा छापा. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा आठ वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. क्लिप काढलेले ढिले फुगे जमिनीवर पडू देऊ नका.

डिझाइन स्वतःचं राखायचं असेल तर व्हिडिओ टाकायच्या आधी अर्ज करा, नंतर नवेपणा सिद्ध होत नाही. दिसण्याची नोंद २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते, दहा वर्षं आणि वर पाच. पण त्यात रूपच येतं, क्लिप कशी धरते ते येत नाही. त्यासाठी पेटंट. आधी तात्पुरतं विवरण भरून बारा महिन्यांत पूर्ण विवरण देता येतं. मात्र अर्जाआधी जुनी पेटंटं चाळा, कारण फुगा बंद करण्याच्या कल्पना ढिगाने नोंदलेल्या आहेत.

लावायची पद्धत

फुगवा. थोडी हवा सोडून मान मऊ करा. डाव्या हाताच्या चिमटीत मान फुग्यालगत धरा, उजव्या हाताने ओठ ओढून मान दुप्पट ताणा. ताणलेल्या भागाखाली क्लिप सरकवा, मान जबड्याच्या मधोमध सपाट पसरलेली आहे ना ते बघा, अटक लावा, मग ओठ सोडा. मान पिळून लावलीत तर जाड मोळी होते आणि ही क्लिप नीट मिटत नाही. पिळायची सवय असलेल्या डेकोरेटरांना हे दोनदा सांगावं लागतं. कमानीसाठी आम्ही क्लिपेच्या पाठीवर एक खाच दिली आहे, दोन क्लिपा आडव्या-उभ्या एकमेकींत बसतात आणि फुग्यांचा गुच्छ दोऱ्याशिवाय होतो.

रंगाचं शेवटी ठरवलं आणि ते चुकलंच. पांढऱ्या क्लिपा फोटोत दिसत नाहीत म्हणून पांढऱ्या केल्या. पहिल्याच बारशाला हॉल झाडणाऱ्या मावशींनी त्या थर्माकोलच्या गोळ्यांबरोबर गोळा करून टाकल्या. आता केशरी आहेत. बहीण कार्यक्रमाला जाताना मोजून नेते आणि उतरवताना मोजून आणते. तिच्या वहीत दर वेळी पाच-सात कमीच भरतात. बाळाचे मामा-काका खिशात घालून नेतात, शेवेच्या पाकिटाला लावायला.